दोन थ्रॉटल आणि समान वाटप



गेल्या महिन्यात विज्ञानाच्या तासाला दहावीच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, टर्बो इंजिनाला एकाऐवजी दोन थ्रॉटल लावले तर ताकद दुप्पट होईल ना?" उत्तर 'नाही' असे आहे. पण ते का, हे समजून घेणे जास्त महत्त्वाचे, म्हणून हा पाठ.

प्रथम भागांची ओळख करून घेऊ. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हवेच्या वाटेवरची एक गोल झडप उघडते. ही झडप ज्यात बसते ती थ्रॉटल बॉडी. तिच्या पुढे हवेची बंद पेटी असते, तिला प्लेनम म्हणतात. प्लेनममधून प्रत्येक सिलिंडरकडे एकेक नळी जाते, ती रनर. प्लेनम आणि रनर मिळून इनटेक मॅनिफोल्ड होतो. टर्बोचार्जर बहुधा या सर्वांच्या आधी असतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर तो फिरतो आणि ताजी हवा दाबून आत ढकलतो. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले.

आता गणित. २ लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत २ लिटर हवा घेते. मिनिटाला ६००० फेरे असतील तर ३००० × २ = ६००० लिटर, म्हणजे सेकंदाला १०० लिटर हवा झाली. ७० मिलिमीटर व्यासाच्या थ्रॉटलचे क्षेत्रफळ सुमारे ३८.५ चौरस सेंटिमीटर. त्यातून ही हवा सेकंदाला सुमारे २६ मीटर वेगाने जाते. ५० मिलिमीटरचे दोन थ्रॉटल घेतले तर एकूण क्षेत्रफळ सुमारे ३९.३ येते. म्हणजे ५० चे दोन मिळून १०० चा एक होत नाही, जेमतेम ७१ चा होतो. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते, हे भूमितीत शिकलेले येथे उपयोगी पडते.

टर्बोने दाब दुप्पट केला तरी आकारमान साधारण तेच राहते. त्याच १०० लिटरमध्ये जवळपास दुप्पट वजनाची हवा मावते, एवढेच. म्हणून ताकद वाढली की थ्रॉटलही दुप्पट हवा, असे नाही.

मग दोन थ्रॉटल कोठे शोभतात? निसान कंपनीच्या जीटी-आर (२००७ ते २०२५) या मोटारीत ३.८ लिटरचे व्ही-६ इंजिन होते. तीन-तीन सिलिंडरच्या दोन रांगा, प्रत्येक रांगेला स्वतंत्र टर्बो. हवेच्या वाटाच दोन, म्हणून थ्रॉटलही दोन.

स्वतः मॅनिफोल्ड तयार करणाऱ्याची खरी परीक्षा मात्र वाटपात असते. थ्रॉटल प्लेनमच्या एका टोकाला असेल, तर जोरात आलेली हवा जडत्वामुळे पहिल्या रनरला ओलांडून शेवटच्या भिंतीकडे जाते. तेथील सिलिंडरला जास्त हवा मिळू शकते. म्हणून प्लेनम दूरच्या टोकाकडे निमुळता करतात आणि रनरची तोंडे कर्ण्यासारखी गोलाकार ठेवतात. प्लेनमचे आकारमान सुरुवातीला इंजिनाच्या क्षमतेच्या एक ते दीड पट धरतात. दोन थ्रॉटल असतील तर ते एकाच वेळी, सारखेच उघडले पाहिजेत. जुन्या राजदूत ३५० मोटारसायकलीचे दोन कार्बोरेटर जुळवताना मिस्त्री हेच करीत असत.

भिंतीही मजबूत हव्यात. वातावरणापेक्षा १ बार जास्त दाब असला, तर ३० × १० सेंटिमीटरच्या सपाट पत्र्यावर सुमारे ३०० किलो भाराइतका जोर पडतो. सपाट पत्रा फुगतो, गोलाकार टिकतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. समजा, चार सिलिंडरना २४, २४, २४ आणि २८ भाग हवा मिळाली. सरासरी २५. संगणक प्रत्येकाला २५ भागांपुरते पेट्रोल देतो. सर्वांचा धूर जेथे एकत्र होतो तेथील सेन्सर सरासरीच मोजतो आणि 'सर्व ठीक' असे सांगतो. पण चौथ्या सिलिंडरमध्ये हवा जास्त आणि त्या मानाने पेट्रोल कमी. टर्बोच्या दाबाखाली तेथे उष्णता वाढते, नॉकिंग सुरू होते आणि शेवटी पिस्टनला भोक पडते. एक पिस्टन गेला की पूर्ण इंजिन बंद. म्हणून जाणकार प्रत्येक सिलिंडरच्या धुराचे तापमान वेगळे मोजतात आणि प्रत्येक स्पार्क प्लग काढून त्याचा रंग पाहतात.

ही गोष्ट वाचताना मला आपला निकालाचा तक्ता आठवतो. वर्गाची सरासरी चांगली आली, म्हणून प्रत्येक मुलाला समजले असे होत नाही. एकेक वही उघडून पाहावीच लागते.

स्वाध्याय : ६० मिलिमीटरचे दोन थ्रॉटल किती व्यासाच्या एका थ्रॉटलइतके होतील? उत्तर काढून वर्गशिक्षकांना दाखवा.