बटण दाबलं की पुढचं आपोआप

गावातल्या वाचनालयात तळहातावर मावेल एवढा रास्पबेरी पाय संगणक आहे. सकाळी ग्रंथपाल ताई बटण दाबतात आणि पुस्तकांच्या देवघेवीची प्रत पेनड्राइव्हवर आपोआप निघते. त्यासाठीची पंधरा ओळींची स्क्रिप्ट मी एका संध्याकाळी लिहिली. ती रोज न चुकता स्वतःहून चालायला मात्र दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांनी शिकवलेलं हे.

१. हाताने चालली म्हणजे बूट होताना चालेलच असं नाही. आपण टर्मिनलसमोर बसतो तेव्हा आपलं लॉगिन, आपलं फोल्डर, आपला पाथ सोबत असतो. क्रॉनच्या '@रीबूट' ओळीतून तीच स्क्रिप्ट सुरू केली तर पाथ अगदी तोकडा मिळतो. होम फोल्डरमधली माझी कमांड तिला सापडलीच नाही. तेव्हापासून प्रत्येक फाइलचा आणि कमांडचा पत्ता मुळापासून पूर्ण लिहितो.

२. जुन्या सल्ल्यांपेक्षा आजची पद्धत बरी. 'आरसी डॉट लोकल'मध्ये ओळ टाका, असं अजूनही सांगितलं जातं. पण रास्पबेरी पायची प्रणाली डेबियनवर उभी आहे, आणि २०१५ साली आलेल्या डेबियन ८ पासून बूटचा कारभार सिस्टिमडीकडे आहे. त्याची सर्व्हिस फाइल लहानशी असते. कशानंतर चालायचं, काय चालवायचं, कोणत्या युजरच्या नावाने, एवढं तिच्यात स्पष्ट लिहिता येतं. साध्या प्रतीच्या कामाला रूटचे अधिकार देऊ नयेत.

३. 'स्टार्ट' आणि 'इनेबल' वेगळे. स्टार्ट म्हणजे आत्ता चालव, इनेबल म्हणजे यापुढे प्रत्येक बूटला चालव. मी पहिलंच करून घरी आलो होतो. दुसऱ्या दिवशी प्रत निघाली नाही.

४. ज्याच्यावर काम अवलंबून, ते हजर आहे का ते आधी बघा. एका आठवड्यात प्रती निघत होत्या, चूक कुठेच दिसत नव्हती, पण पेनड्राइव्ह कोरा. तो माउंट होण्याआधीच स्क्रिप्ट धावत होती आणि त्याच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे मूळ नोंदी असलेल्या त्याच मेमरी कार्डावर, प्रत ठेवत होती. कार्ड गेलं असतं तर दोन्ही गेलं असतं. पेनड्राइव्हची नोंद एफएसटॅबमध्ये केली, सर्व्हिसमध्ये 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' ही अट घातली. आता पेनड्राइव्ह जोडलेला नसेल तर काम सुरूच होत नाही.

५. घड्याळावर विसंबू नका. २०२३च्या पाय ५ आधीच्या मॉडेलांत वेळ धरून ठेवणारं घड्याळच नाही. आमच्या पायमध्ये शेवटची वेळ फाइलमध्ये लिहिलेली असते आणि सुरू होताना तीच धरली जाते. खरी वेळ नेट जोडल्यावर येते. आमचं नेट सकाळी उशिरा जागं होतं. मंगळवारची प्रत सोमवारच्या तारखेने निघाली आणि सोमवारची पुसली गेली. शेवटी बटण सेलवर चालणारं घड्याळाचं मॉड्यूल बसवलं.

६. खरी चाचणी रात्रभर बंद ठेवून. लगेच रीबूट केलं तर घड्याळाचा दोष दिसत नाही. बदल केला की संगणक नीट बंद करतो, सकाळी सुरू करतो आणि कीबोर्डला हात लावत नाही.

७. काम झालं हे तिथल्या माणसाला कळू द्या. माझ्यासाठी जर्नल आहे, 'जर्नलसीटीएल' लावलं की त्या बूटची प्रत्येक ओळ दिसते. ताईंसाठी पडद्यावर एकच वाक्य येतं : 'आजची प्रत झाली', खाली तारीख आणि वेळ. गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला, "आज ते वाक्य आलं नाही." पेनड्राइव्ह खराब झाला होता. नवा आणला, एकाच दिवसाची प्रत चुकली.