आटे ऑइलचे, टॉर्क कोरड्याचा

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये एम-१२ (८.८ ग्रेड) बोल्ट ८४ न्यूटन-मीटरला आवळतो. गंजू नयेत म्हणून आटे ऑइलमध्ये बुडवायला लागल्यापासून काही बोल्ट लांबले. टॉर्क रेंच बिघडला असेल का?
— एक वाचक, चाकण

उत्तर : रेंचवर संशय घेण्याआधी ऑइलच्या डब्याकडे बघा. आपण मोजतो टॉर्क, पण हवा असतो बोल्टमधला ताण. लावलेल्या जोरातला साधारण ९० टक्के भाग डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच जातो. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. त्यामुळे घर्षण थोडं घटलं तरी ताण भसकन वाढतो.

हिशेब सोपा आहे : टॉर्क = के × ताण × व्यास. 'के' म्हणजे घर्षणावर ठरणारा गुणांक; कोरड्या आट्यांना तो सुमारे ०.२ धरतात. ८४ भागिले (०.२ × ०.०१२) म्हणजे ३५ किलोन्यूटन. ऑइल लावल्यावर 'के' ०.१५च्या आसपास येतो आणि त्याच ८४ला ताण होतो जवळपास ४७. या बोल्टचा प्रूफ लोड, म्हणजे कायमचा न लांबता तो पेलू शकेल असा ताण, सुमारे ४९ आहे. त्यात टॉर्क रेंचने आवळताना ताण २५-३० टक्के इकडेतिकडे होतोच. काही बोल्ट लांबणारच!

ऑइल ठेवायचं असेल तर टॉर्क ६३वर आणा. महत्त्वाच्या जोडावर, बोल्टची दोन्ही टोकं मोकळी असतील तर, आवळण्याआधी व नंतरची लांबी मायक्रोमीटरने मोजा. लांबलेले बोल्ट पुन्हा वापरू नका, आणि गाडीच्या चाकांच्या नटांना कंपनीने सांगितल्याशिवाय ऑइल लावू नका.