वसाहतींमधून विकरांची निवड

तमिळनाडूतील कुंभकोणम् येथे १९२५ साली जन्मलेले कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामीनाथन आणि त्यांचे सहकारी यांनी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत 'सोनोरा ६४' या तांबड्या दाण्याच्या मेक्सिकन गव्हावर गॅमा किरणांचा मारा केला. त्यातून उद्भवलेल्या बदलांपैकी पिवळसर दाण्याचा प्रकार निवडून १९६७ साली 'शरबती सोनोरा' हा वाण प्रसारित करण्यात आला. दाण्याचा रंग डोळ्यांना दिसत होता, म्हणून ती निवड निश्चित होती. या गव्हात लायसिन हे अमिनो आम्लही अधिक आहे, असे त्या काळी सांगितले गेले. पुढील तपासण्यांत मात्र ते सिद्ध झाले नाही.

विकर, म्हणजे एन्झाइम, सुधारावयाचे असताना हीच अडचण अधिक तीव्रतेने जाणवते. विकराच्या जनुकात यदृच्छया बदल घडवून ती जनुके जीवाणूंत घालतात. पेट्री बशीतील अगारवर प्रत्येक जीवाणूपासून एकेक वसाहत वाढते. परंतु हजारो वसाहती दिसावयास सारख्याच असतात; म्हणून विकराचे कार्यच दृश्य करावे लागते. अगारमध्ये दुधातील केसीन हे प्रथिन मिसळले, तर ते धूसर दिसते. प्रथिनांचे विघटन करणारे विकर जेथे पाझरते, तेथे वसाहतीभोवती स्वच्छ कडे उमटते. अशा कड्यांच्या साहाय्याने फ्रान्सिस आर्नल्ड यांनी सबटिलिसिन या विकराचे सुधारित प्रकार निवडले. डायमिथिलफॉर्मामाइड या विद्रावकात हे विकर मंदावते. म्हणून तोच विद्रावक त्यांनी बशीत मिसळला होता. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रकाराची ६० टक्के विद्रावकातील क्रियाशीलता मूळ विकराच्या २५६ पट होती. २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यांना मिळाला.

तथापि कडे मोठे म्हणून विकर उत्तम, असे लगेच म्हणता येत नाही. वसाहतच मोठी असेल, तर पेशी अधिक आणि विकरही अधिक. येथे नुसता डोळा फसतो. म्हणून ठराविक वेळाने कॅमेऱ्याने संपूर्ण बशीची चित्रे घेतात. संगणक प्रत्येक वसाहतीचे क्षेत्रफळ आणि भोवतालच्या बदलाचा वेग मोजतो, व त्याच बशीतील मूळ विकराच्या वसाहतींशी त्यांची तुलना करतो. अशा रीतीने थोड्या वेळात हजारो वसाहतींची छाननी होते.

एवढ्याने काम संपत नाही. निवडलेले विकर शुद्ध करून, ज्या कार्यासाठी ते हवे आहे त्याच कार्यावर पुन्हा तपासावे लागते. चित्रात जे दिसते त्याचीच निवड झालेली असते. न दिसणाऱ्या गुणाची ग्वाही ते चित्र देत नाही. शरबती सोनोराच्या उदाहरणावरून वाचकांच्या हे सहज ध्यानी येईल.