शंखवासी खेकडा व त्याची जोपासना

उन्हाळ्याच्या सुटीत औसा व आसपासच्या गावांतील पुष्कळ कुटुंबे अलीकडे कोकणात जातात, आणि मुले परत येताना पिशवीभर शंख-शिंपले आणतात. त्यांतील एखादा शंख ताटलीत आपोआप चालू लागला म्हणजे घरात मोठे कौतुक होते. मग त्यास बरणीत घालून वर नळाचे पाणी ओततात, भाकरीचा तुकडा टाकतात, आणि थोड्याच दिवसांत बरणीस दुर्गंधी सुटते. ह्या प्राण्याची खरी ओळख आमच्या वाचकांस व्हावी एवढ्यासाठी हा पाठ लिहीत आहो.

आपल्या ओढ्याकाठचा खेकडा सर्वांस ठाऊक आहे. त्याचे सर्वांग कठीण कवचाने झाकलेले असते. शंखवासी खेकड्याचे पाय व नांग्या कठीण असतात खऱ्या, पण त्याचे पोट मऊ, उघडे व पीळ घातल्यासारखे वाकडे असते. सबब तो मेलेल्या समुद्रगोगलगायीचा रिकामा शंख शोधून त्यात मागून शिरतो, आणि शेपटाकडील लहान अवयवांनी शंखाचा मधला खांब आतून घट्ट धरतो. त्यास ओढून काढू गेल्यास तो फाटून मरतो, पण घर सोडीत नाही. खेकडा वाढतो, शंख वाढत नाही. म्हणून जन्मभर त्यास घरे बदलावी लागतात. किनाऱ्यावर एखादा मोठा रिकामा शंख आला म्हणजे कधी कधी लहानमोठे खेकडे आकारमानाने रांगेत उभे राहतात. पहिला नव्या घरात गेला की दुसरा त्याच्या जुन्या घरात शिरतो, व असे शेवटपर्यंत चालते. इंग्रजीत ह्यास हर्मिट क्रॅब, म्हणजे संन्यासी खेकडा, म्हणतात. हे नाव आम्हांस मुळीच पटत नाही. ह्यास घरावाचून राहवत नाही, आणि एकांतही मानवत नाही.

ह्यांच्या दोन तऱ्हा आहेत. कोकणच्या खडकांतील डबक्यांत जे दिसतात ते बहुतेक समुद्राच्या पाण्यातले. गोड्या पाण्यात ते जगत नाहीत. त्यांना औशास आणणे म्हणजे मारणेच होय. दुसरे जमिनीवर राहणारे. ते लक्षद्वीप व अंदमान बेटांवर पुष्कळ आहेत, आणि परदेशांत पाळण्याकरिता विकतात ते हेच. तेही कल्ल्यांनीच श्वास घेतात, व कल्ले ओले राहिले नाहीत तर गुदमरतात. उलट पाण्यात बुडवून ठेवले तर तेथेही मरतात. त्यांस शेकडा ऐंशीच्या सुमारास दमट हवा लागते. आपल्याकडील वैशाखातील कोरडी हवा त्यांस कशी सोसावी?

असा खेकडा कोणाच्या घरी आलाच असेल तर त्यास झाकणाची काचेची पेटी द्यावी, तीत निदान वीतभर ओलसर वाळू असावी. एक वाटी गोडे पाणी व एक समुद्री मिठाचे पाणी ठेवावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवावे, आणि तांब्याचे भांडे मुळीच वापरू नये, कारण तांबे ह्या जातीस विष आहे. फळ, खोबरे, मासळीचा तुकडा, वाळलेले पान, सर्व तो खातो. थोडे मोठे रिकामे शंख जवळ ठेवावेत, पण रंगविलेले नकोत.

सर्वांत अधिक खेकडे अज्ञानाने मरतात ते कात टाकण्याच्या वेळी. कवच लहान पडू लागले म्हणजे हा प्राणी वाळूत खोल पुरून घेतो, आणि तेथे आठवडेच्या आठवडे, मोठा असल्यास दोन महिन्यांहूनही अधिक, निश्चल राहतो. नवे अंग तेव्हा लोण्यासारखे मऊ असते. जुनी कात खाऊनच तो त्यास बळकटी आणतो. घरच्यांस वाटते, मेला. ते उकरून पाहतात आणि जिवंतास मारतात. ज्या पेटीत वाळूच नाही तेथे तर त्यास लपावयासही जागा नसते. रानात जो तीस वर्षे जगू शकतो, तो ह्यामुळे घरात काही महिन्यांत संपतो.

आणखी एक गोष्ट. आपली खेकडीण पिले पोटाखाली घेऊन हिंडते; ती अंड्यांतून लहान खेकडे होऊनच निघतात. शंखवासी मादीस मात्र अंडी समुद्राच्या स्वाधीन करावी लागतात, व पिले प्रथम पाण्यात तरंगत वाढतात. घरात हे घडविणे अतिशय दुर्मिळ. म्हणून विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक खेकडा किनाऱ्यावरून धरून आणलेला असतो.

किनाऱ्यावरचे रिकामे शंखही आपण गोण्यांनी उचलून आणतो, आणि मागे बाटल्या टाकतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हिंदी महासागरातील कोकोस बेटांवर दरवर्षी सुमारे पाच लाख शंखवासी खेकडे प्लास्टिकच्या कचऱ्यात अडकून मरतात, असा अंदाज निघाला. बाटलीत शिरलेल्यास गुळगुळीत बाजू चढून बाहेर येता येत नाही. तो मेला की त्याच्या वासाने, घर रिकामे झाले असे समजून, दुसरे आत येतात.

मुलांनी शंख उचललाच तर तो तेथल्याच उथळ डबक्यात ठेवून थोडा वेळ दूर बसावे. आत कोणी असेल तर आधी मिशा, मग डोळे, मग पाय दिसू लागतात.