हवेचा हिशेब

आमचं घर उधन्याला. मूळ गाव अमळनेरच्या बाजूचं. आजोबा ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला आले आणि इथलेच झाले. पप्पांची नोकरी हजीऱ्यात, एका कारखान्याच्या गॅस विभागात. कंपनीची बस इच्छापोरवरून जायची आणि शिफ्ट बदलली की आमच्या घराचं जेवणाचं वेळापत्रक बदलायचं. मी रेस्पिरेटरी थेरपीची पदवी घेतली, म्हणजे पप्पांनी आयुष्यभर ज्या वायूचे गेज वाचले, तोच वायू माणसाच्या छातीत पोचतो की नाही ते बघण्याचं शिक्षण. ही वाट धरू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी चार गोष्टी लिहून ठेवते. क्रम महत्त्वाचा नाही.

१. कॉलेजची इमारत बघू नका, आयसीयूच्या खाटा विचारा.

प्रवेशाच्या वेळी आम्ही सगळे हॉस्टेल, मेस आणि फी विचारत होतो. विचारायला हवं ते वेगळंच. रुग्णालयात आयसीयूच्या खाटा किती? रक्तातले वायू तपासणारं एबीजीचं यंत्र वॉर्डाजवळ आहे की नमुना घेऊन तीन मजले पळायचं? फुफ्फुसांची क्षमता मोजणारी पीएफटी लॅब चालू आहे की कुलपात? सगळ्यात मोलाचा प्रश्न म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या मुलांना व्हेंटिलेटरला हात लावू देतात का? याचं उत्तर प्रवेश समिती देत नाही, कॅन्टीनमधले सीनियर देतात.

मणिपालसारख्या ठिकाणी हा अभ्यासक्रम बऱ्याच वर्षांपासून आहे, पण देशात अजून विरळाच. बहुतेक ठिकाणी चौथं वर्ष इंटर्नशिपचं. मार्च २०२१मध्ये संसदेने अलाइड अँड हेल्थकेअर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्याच्या यादीत आमचंही नाव आलं आणि आरोग्य व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३६०० तासांची अट घातली गेली. कायदा झाला म्हणून शेजारच्या काकूंना कळलं असं नाही. ‘म्हणजे नर्स ना?’ आणि ‘म्हणजे फिजिओ ना?’ हे दोन प्रश्न पदवीबरोबर फुकट मिळतात. मी ‘व्हेंटिलेटर सांभाळते’ एवढंच सांगते. २०२१च्या कोविड लाटेनंतर तेवढं पुरतं.

२. सिलिंडरचं गणित तोंडपाठ हवं.

हे मला पप्पांनी शिकवलं, पुस्तक नंतर आलं. काळ्या अंगाचा, पांढऱ्या खांद्याचा जम्बो सिलिंडर भरलेला असतो तेव्हा गेजवर साधारण १५० किलोचा दाब दिसतो आणि आत सुमारे ७००० लिटर ऑक्सिजन असतो. गेज ७५वर आला की ३५०० लिटर उरले. रुग्णाला मिनिटाला १५ लिटर चालू असेल, तर २३३ मिनिटं. चार तासांना थोडं कमी. हाय फ्लोवर मिनिटाला ६० लिटरने पूर्ण ऑक्सिजन चालू असेल, तर भरलेला जम्बोसुद्धा दोन तास पुरत नाही.

रुग्णवाहिकेत असतो तो छोटा बी टाइप, साधारण १५०० लिटरचा. मिनिटाला दहा लिटर लावले तर अडीच तास, तेही तो काठोकाठ भरलेला असेल तर. हजीऱ्याहून शहरातल्या मोठ्या रुग्णालयापर्यंत जायचं तर हे पुष्कळ वाटतं. त्यात रस्त्यावरच्या ट्रेलरांची रांग धरा, कॅज्युअल्टीच्या दारातली वाट पाहणं धरा, लिफ्ट धरा. मग वाटत नाही. रुग्ण हलवायचा ठरला की मी आधी गेज वाचते, मग भागाकार करते, मग स्ट्रेचरला हात लावते.

३. आकड्याच्या मागे कोणता वायू आहे, ते विचारा.

दुसऱ्या वर्षी पल्स ऑक्सिमीटरचा धडा झाला. बोटाला चिमटा लावायचा, लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश रक्तातून जातो, त्यावरून सॅच्युरेशन निघतं. सुट्टीत घरी आले तेव्हा मी हे मोठ्या दिमाखात सांगितलं. पप्पांनी जेवता जेवता विचारलं, ‘बेटा, तो चिमटा सीओ ओळखतो का?’

सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. पोलादाच्या भट्टीतून निघणाऱ्या गॅसमध्ये तो भरपूर असतो. रंग नाही, वास नाही. त्या भागात जाणाऱ्यांच्या खिशाला किंवा कॉलरला त्याचा मीटर अडकवलेला असतो. पप्पांचा प्रश्न पुस्तकात शोधला. साधा ऑक्सिमीटर सीओ ओळखत नाही. हिमोग्लोबिनला चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड त्याला जवळजवळ ऑक्सिजनसारखाच दिसतो. माणूस डोकेदुखीने, उलटीने बेजार, गुंगीत गेलेला, आणि स्क्रीनवर ९८ किंवा ९९! अशा वेळी को-ऑक्सिमेट्री करणाऱ्या यंत्रावर रक्त तपासावं लागतं आणि निकालाची वाट न बघता पूर्ण ऑक्सिजन सुरू करायचा असतो. साध्या हवेत श्वास घेत राहिला तर रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात; शंभर टक्के ऑक्सिजनवर तेच दीडेक तासात होतं. थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या घरालाही हाच हिशेब लागू आहे. तिथेही ९९वर समाधान मानू नका.

दुसरा वायू नायट्रोजन. टाकी किंवा पाइपलाइन साफ करायला तो भरतात. आपल्याला धाप लागते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्याने. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत माणूस कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतच असतो, म्हणून धाप लागत नाही. काही श्वासांत तो कोसळतो. त्याला काढायला धावलेला सोबतीही कोसळतो. म्हणूनच टाकीत उतरण्याआधी परमिट, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली नाही ना याची मोजणी आणि बाहेर पहारा. हे नियम मी लहानपणापासून घरात ऐकत आले होते. कार्बन डायऑक्साइड आणि श्वसनकेंद्र हा धडा वर्गात आला तेव्हा बाकीची मुलं आलेख काढत होती आणि मला पप्पांचं परमिटचं पुस्तक आठवत होतं.

तिसरा हायड्रोजन सल्फाइड. ओएनजीसीच्या हजीरा प्रकल्पात समुद्रातल्या बसीन क्षेत्रातून येणारा आंबट गॅस शुद्ध करतात, म्हणजे त्यातून हाच काढतात. सडलेल्या अंड्याचा वास येतो म्हणून लोक निर्धास्त असतात. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास थांबतो. हे कळल्यापासून कॅज्युअल्टीत मी पहिल्यांदा विचारते, ‘भाऊ, कुठे काम करत होता? सोबत अजून कुणाला त्रास झाला का?’

४. ऑक्सिजन भिंतीतून येत नाही.

रुग्णालयात भिंतीला पांढरं आउटलेट असतं, फ्लोमीटर खोचला की बुडबुडे सुरू. विद्यार्थ्याला वाटतं ऑक्सिजन तिथूनच येतो. एप्रिल २०२१मध्ये, कोविडच्या लाटेत, सगळ्या देशाला कळलं की तसं नाही.

द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर असतो आणि एका लिटर द्रवाचा साधारण ८६० लिटर वायू होतो, म्हणून तो टँकरने नेणं परवडतं. पण त्यासाठी द्रव करणारं संयंत्र हवं, थंड टाक्या हव्यात, क्रायोजेनिक टँकर हवेत. त्या महिन्यात टँकरच पुरेनात. रेल्वेने ऑक्सिजन एक्सप्रेस सोडल्या. जामनगरजवळच्या हापाहून भरलेले टँकर महाराष्ट्रात कळंबोलीला उतरले. पोलादाच्या कारखान्यात वायुरूप ऑक्सिजन मात्र पाइपातून वाहतच होता. मग उलटा विचार झाला: गॅस रुग्णापर्यंत नेता येत नसेल तर रुग्ण गॅसपर्यंत न्यावा. मे २०२१मध्ये हजीऱ्यात आर्सेलरमित्तल निप्पॉन स्टीलच्या कारखान्यालगत २५० खाटांचं कोविड रुग्णालय उभं राहिलं आणि त्याला कारखान्यातून पाइपने वायुरूप ऑक्सिजन दिला गेला. त्यात द्रव करणं नाही, टँकर नाही, रस्ता नाही. आमचे वर्ग तेव्हा मोबाइलवर चालू होते. व्हेंटिलेटरचे आलेख पाच इंचांच्या स्क्रीनवर शिकत असताना ही बातमी वाचली आणि अख्ख्या सेमिस्टरमध्ये शिकले नसेन तेवढं त्या एका बातमीवरून शिकले.

त्याआधी २१ एप्रिलला नाशिकमध्ये महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकी भरताना गळती झाली, पाइपलाइनमधला दाब घसरला आणि किमान २२ रुग्ण गेले. तिथल्या भिंतींनाही आउटलेट होतीच. तेव्हापासून नव्या रुग्णालयात पोस्टिंग लागलं की पहिल्या दिवशी मी तीन गोष्टी बघून ठेवते: टाकी कुठे आहे, मॅनिफोल्ड रूमची चावी कुणाकडे असते आणि आयसीयूचा झोनल व्हॉल्व्ह कोणत्या पेटीत आहे. मेंटेनन्सच्या लोकांशी दोस्ती ठेवा. आमचे काही सोबती त्यांच्याशी बोलणं कमीपणाचं मानत. मला ते कधी जमलं नाही, कारण माझे पप्पा त्यांच्यातलेच.

५. खिशात मोजपट्टी ठेवा.

स्टेथोस्कोप सगळेच गळ्यात घालतात. मोजपट्टी फार थोडे बाळगतात. व्हेंटिलेटरने एका श्वासात किती हवा द्यायची हे माणसाच्या वजनावर नव्हे, उंचीवर ठरतं. माणूस जाड झाला तरी फुफ्फुसं तेवढीच राहतात. एक वेल्डर धरा, उंची १६५ सेंटिमीटर, काट्यावर ९२ किलो. सूत्राने त्याचं अपेक्षित वजन येतं साधारण ६१.५ किलो आणि किलोला सहा मिलिलिटरप्रमाणे श्वास ३७० मिलिलिटरच्या आसपास. काट्यावरचं वजन धरलं तर तोच ५५० होतो. अमेरिकेतल्या एआरडीएस नेटवर्कने २०००मध्ये फुफ्फुसांना तीव्र इजा झालेल्या ८६१ रुग्णांचा अभ्यास छापला. किलोला बारा मिलिलिटरने सुरुवात केलेल्या गटात मृत्यू ३९.८ टक्के, सहाच्या गटात ३१ टक्के. कोणतंही नवं औषध नव्हतं, फक्त श्वास लहान केला होता. त्यामुळे झोपलेल्या रुग्णाची उंची टाळूपासून टाचेपर्यंत स्वतः मोजा. ‘अंदाजे पाच-सहा’ असं नातेवाईक सांगतील, ते लिहून घेऊ नका.

६. अँबू बॅगेचा कंटाळा करू नका.

१९५२मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा यंत्रं अपुरी पडली. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने हवा द्यायला लावली. ती जगली आणि मग सुमारे पंधराशे वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले. पुढे डेन्मार्कमध्येच ट्रकवाल्यांच्या संपाने ऑक्सिजन अडला आणि त्यातून आपोआप फुगणारी बॅग सुचली, असं सांगतात. हीच अँबू बॅग, १९५६च्या सुमारास बाजारात आली. व्हेंटिलेटर ओरडायला लागला आणि कारण कळेना, की रुग्ण यंत्रापासून काढायचा आणि बॅग हातात घ्यायची. छाती घट्ट आहे, नळी तुंबली आहे की यंत्राचंच काही बिनसलं आहे, हे तळहाताला स्क्रीनच्या आधी कळतं.

७. चूल, पंप आणि बोली.

सुरतेच्या वॉर्डात एका रांगेत खानदेशी, गंजामचा ओडिया यंत्रमाग कामगार, भोजपुरी हेल्पर आणि काठेवाडी आजोबा असतात. इंग्रजी पाठांतराचा तिथे काही उपयोग नाही. नंदुरबारकडच्या एका आजीला मी ‘कसं शे, माय?’ विचारलं, तेव्हा कुठे तिने मास्क नीट लावू दिला. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या अशा अनेक बायकांना सीओपीडी हा फुफ्फुसांचा जुनाट आजार असतो, विडीला हात न लावताही. त्यांचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ ठेवायचं. मुलगा म्हणतो, ‘मॅडम, शंभर करा ना, पैसे भरतो.’ जास्त ऑक्सिजनने त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि त्या गुंगीत जातात, हे त्याला पटेल अशा शब्दांत सांगायला मला एबीजी शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

इनहेलरच्या पंपाचंही तसंच. ‘सवय लागते’ म्हणून लोक घेत नाहीत, किंवा घेतात आणि औषध जिभेवर उडवतात. स्प्रेचा पंप हळू ओढायचा आणि दहा सेकंद श्वास रोखायचा. पावडरचा मात्र जोरात ओढायचा. दोन्ही एकाच पिशवीत दिले की गोंधळ ठरलेला. तोंडी समजावल्यावर सगळे ‘हो’ म्हणतात, म्हणून रुग्णालाच आपल्यासमोर करून दाखवायला लावा.

८. लॉगबुकवर सही त्याच दिवशी घ्या.

महिन्याच्या शेवटी सर रजेवर असतात, मॅडमची बदली झालेली असते आणि इंटुबेशनला मदत केलेली तारीख तुम्हालाच आठवत नसते. आखाती देशांत नोकरीला अर्ज करायचा असेल, आणि आमच्यातले बरेच जण करतात, तर तिकडे पहिल्यांदा तासांचा आणि प्रत्यक्ष कामाचा पुरावा मागतात. पेन स्वतःचं ठेवा. आयसीयूत पेन उसनं दिलं की परत मिळत नाही.