कच्चा विषय आधी

खापरच्या आमच्या रात्रीच्या वर्गात एक शेतकरीदादा येतात. एके रात्री त्यांनी पाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "गुरुजी, उद्यापासून मी येत नाही. साधी अक्षरं वाचतो. पण जोडाक्षर आलं की घाम फुटतो. या वयात हे जमायचं नाही."

मी म्हटले, "दादा, जायचे तर जा. पण आधी एका शर्यतीची गोष्ट ऐका." तीच गोष्ट या पाठात दिली आहे.

या शर्यतीत तीन कामे असतात. आधी पोहायचे, मग सायकल चालवायची, मग धावायचे. तिन्ही कामे एकाच दिवसात, एकामागून एक करायची. पोहणे ३.८ किलोमीटर, सायकल १८० किलोमीटर आणि धावणे ४२ किलोमीटर. या शर्यतीला 'आयर्नमॅन' म्हणतात. आयर्नमॅन म्हणजे लोखंडी माणूस.

हे अंतर केवढे आहे ते पाहा. वीस फूट रुंदीची विहीर घ्या. ती या काठापासून त्या काठापर्यंत सहाशेहून जास्त वेळा पोहून जावी, तेव्हा ३.८ किलोमीटर होतात. खापरहून सायकलने नंदुरबारला जाऊन परत आलात, तरी १८० किलोमीटर पुरे होत नाहीत. आणि त्यानंतर ४२ किलोमीटर धावायचे!

ही शर्यत १९७८ साली अमेरिकेच्या हवाई बेटांवर सुरू झाली. पोहणारा, सायकलवाला आणि धावणारा, यांत जास्त दमाचा कोण, असा तिथे वाद होता. जॉन कॉलिन्स हे नौदलातले अधिकारी आणि त्यांच्या पत्नी ज्यूडी यांनी तोड काढली. तिन्ही कामे एकत्र करा, म्हणजे आपोआप कळेल! पहिल्या वर्षी १५ जण उतरले. त्यांपैकी १२ जण शेवटपर्यंत पोहोचले.

या शर्यतीची खुबी इथेच आहे. एका कामात हुशार असून भागत नाही. जे काम कच्चे, तेच माणसाला अडवते.

आता आपल्या मराठी माणसाची गोष्ट ऐका. मिलिंद सोमण हे मुंबईचे नट. तरुणपणी ते पोहण्यात देशातले विजेते होते. म्हणजे पोहणे पक्के होते. पण लांब धावण्याची सवय नव्हती. शिवाय मध्यंतरी त्यांना सिगारेटचे व्यसन लागले होते. हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. ते व्यसन त्यांनी सोडले. २००४ साली मुंबईत ते २१ किलोमीटरची शर्यत धावले. तेव्हा त्यांचे वय ३८ होते.

पुढे धावणे वाढत गेले. जुलै २०१५ मध्ये स्वित्झर्लंड देशातील झुरिक शहरी ते आयर्नमॅन शर्यतीत उतरले. पन्नाशीला चार महिने कमी होते. सकाळी तळ्यात पोहायला सुरुवात केली, ती शर्यत रात्री संपली. १५ तास १९ मिनिटे लागली. ते पहिले आले नाहीत. पण त्यांनी शर्यत पुरी केली.

२००४ आणि २०१५ यांच्यामध्ये किती वर्षे गेली? अकरा! हा आकडा ध्यानात ठेवा.

त्यांची आई उषाताई यांनी तर २०१६ साली मुलाबरोबर साडी नेसून अनवाणी धाव घेतली. त्यांनी वयाची पंचाहत्तरी ओलांडली होती.

अशा शर्यतीची तयारी कशी करतात? आपल्याकडे अस्तंब्याच्या यात्रेला जाणारे लोक ती सहज समजतील. डोंगर चढताना जाणता माणूस पायथ्याशी पळत सुटत नाही. बेताने चालतो. तयारीही तशीच असते.

पहिले, थोडे करावे पण नेमाने करावे. दर आठवड्याला थोडेच वाढवावे. दुसरे, बोलता येईल इतक्याच वेगाने बरीचशी तयारी करावी. धाप लागून बोलणे बंद झाले, तर वेग जास्त झाला. तिसरे, विसावा घ्यावा. मेहनतीने अंग थकते आणि विसाव्यात ते भरून येते. चौथे, एकट्याने खोल पाण्यात उतरू नये. छातीत दुखले तर थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. पाचवे, कच्च्या कामाला आधी वेळ द्यावा.

हे पाचवे सर्वांत कठीण. माणसाला जे येते, तेच करायला आवडते. पोहणारा पोहतच राहतो आणि धावणे उद्यावर ढकलतो.

मी स्वतःचेच सांगतो. हेडमास्तर असताना मी मुलांना व्यसनाचे तोटे शिकवायचो, आणि मधल्या सुट्टीत तंबाखू मळायचो. माझ्या खिशात चुन्याची डबी असायची. एकदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, डबीत काय आहे?" मला उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून मी सोडायला लागलो. आधी चहानंतरची सोडली. मग जेवणानंतरची. सकाळची सर्वांत अवघड होती. एका होळीला पुन्हा खाल्ली. एका लग्नातही खाल्ली. पण दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून सुरुवात केली. वर्ष लागले, पण सुटली. घसरला तो हरला असे नाही. घसरून तिथेच बसला, तो हरला.

गोष्ट संपल्यावर मी शेतकरीदादांना विचारले, "दादा, तुम्हाला कोणते जोडाक्षर जास्त छळते?"

ते म्हणाले, "र चं. सूर्य मध्ये तो डोक्यावर बसतो, चंद्र मध्ये पायात जातो, ट्रक मध्ये त्याला दोन पाय फुटतात!"

सगळा वर्ग हसला. तेही हसले. मी म्हटले, "मग कच्चा विषय सापडला की! रोज र चे तीनच शब्द वाचायचे. जास्त नाही."

दुसऱ्या रात्री ते आले. रस्त्यावरच्या एका ट्रकमागे लिहिलेला शब्द त्यांनी वाचला होता. तो त्यांनी फळ्यावर लिहून दाखवला. अजून ते अडखळतात. पण पाटी आता खाली ठेवत नाहीत.

प्रश्न
१. आयर्नमॅन शर्यतीत कोणती तीन कामे असतात?
२. तिन्ही अंतरे मिळून किती किलोमीटर होतात? बेरीज करा.
३. तयारीत विसावा का घ्यावा?
४. सूर्य, चंद्र, ट्रक यांसारखे र चे आणखी तीन शब्द लिहा.
५. तुमचा कच्चा विषय कोणता? एका ओळीत लिहा. कोणाला दाखवू नका. पण उद्या त्यापासून सुरुवात करा.