नेमाची वही



दुकानदार रात्री फळी लावण्यापूर्वी दिवसाची रोकड मोजतो आणि मगच जेवायला जातो. आपण मात्र अख्खा दिवस खर्चून टाकतो व त्याचा जमाखर्च कोठेच मांडत नाही. त्या जमाखर्चाचा आज थोडा विचार करू.

श्रीएकनाथमहाराजांची कथा सर्वांस ठाऊक आहे. देवगिरीवर सद्गुरू जनार्दनस्वामींच्या हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी नाथांनी रात्र जागून काढली, असे परंपरा सांगते. हीच एकाग्रता भगवंताकडे लाव, असा बोध स्वामींनी केला. ही कथा मी कीर्तनात शेकडो वेळा सांगितली. पण स्वतःच्या दिवसातील चूक शोधावयास मी एक रात्र तरी जागलो होतो का? नाही.

तीन वर्षांपूर्वी, वयाच्या ६४ व्या वर्षी, भर कीर्तनात लहानपणापासून पाठ असलेल्या अभंगाचे तिसरे चरण मला आठवेना. मागच्या टाळकऱ्यांनी सावरून घेतले. श्रोत्यांस कळलेही नाही. मी म्हटले, वय झाले. तरी एक वही घातली आणि महिनाभर खरे तेच लिहिले. पाहतो तो काय, ३० दिवसांत हरिपाठ ११ दिवस चुकलेला आणि पाठांतराची उजळणी अवघी ४ दिवस झालेली! अहो, लोकांना नेम सांगत फिरणारा मीच बिननेमी निघालो. सगळा दोष वयाच्या माथी मारून चालण्यासारखे नव्हते.

अभ्यास दृढ होण्यास पतंजलींनी योगसूत्रांत तीन अटी घातल्या आहेत: दीर्घकाल, अखंडपणा आणि आदर. आदर मनात असतो, पण अखंडपणा मोजावा लागतो. कारण मन आपल्या चुका विसरण्यात फार हुशार. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन या गृहस्थाने १३ सद्गुणांची वही केली होती. चूक झाली की त्या वारी काळा ठिपका. दर आठवड्यास एका गुणाकडे विशेष लक्ष, म्हणजे वर्षात चार आवर्तने. आपल्यात इतके दोष असतील असे वाटले नव्हते, अशी कबुली त्याने आत्मचरित्रात दिली आहे. व्यवस्थितपणा तर त्याला कधीच साधला नाही. पण बाकीचे ठिपके कमी होत गेले.

स्मरणाचेही तसेच. जर्मनीतील एबिंगहाउस याने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखविले, की पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने गळते, पुढे गळती मंदावते. म्हणून उजळणी लवकर हवी, आणि नंतर अंतर वाढवीत जावी. आमच्या पाठशाळेत गुरुजी संथा देत आणि दुसऱ्या दिवशी पोथी मिटून म्हणवून घेत, त्यातले मर्म हेच.

आता रीत सांगतो. साधी वही घ्या. एका पानावर एक महिना. डावीकडे तिथी, पुढे तीनच रकाने: पहाटे उठणे, हरिपाठ, उजळणी. निजण्यापूर्वी खूण करा. खाली दोन ओळी लिहा: आज काय ऐकले, कोणाला कठोर बोललो. नवी ओवी पाठ केली तर दुसऱ्या, चौथ्या, आठव्या दिवशी व महिन्याने न पाहता म्हणा. अडली तरच पोथी उघडा. दर एकादशीस ताळा पाहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नेम झाला की डबीत जोंधळ्याचा एक दाणा टाकावा. एकादशीस दाणे मोजावे.

एखादा दिवस चुकला तर वही फेकू नका. लंडनमधील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला एखादा खाडा झाल्याने फारसे बिघडले नाही. वारीत पाय दुखला म्हणून बसलेला माणूस वारकरीच असतो. उठून पुन्हा दिंडी गाठली म्हणजे झाले.

मात्र एक जपा. वही दुसऱ्यास दाखवू नका. भरलेले रकाने पाहून अहंकार आला, तर पै सापडली आणि रुपया हरवला असे होईल.

परवाच्या एकादशीस माझा ताळा पाहिला. १५ दिवसांत २ खाडे आहेत. आज रात्री पुन्हा लिहावयाचे आहे. तुम्हीही आजच सुरुवात करा.

रामकृष्णहरि.